रेडवूडच्या जंगलात वर नको, खाली बघा: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात येऊन आम्हाला बारा वर्षं झाली, आणि दर उन्हाळ्यात कोणाचे ना कोणाचे आई-बाबा देशातून आले की मला एक फोन ठरलेला, "रेडवूड बघायला कुठे नेऊ गं?" मी सांगते, मंडळी जातात, मान दुखेपर्यंत वर बघतात, शंभर फोटो काढतात आणि दोन दिवसांनी दुसरा फोन येतो की खाली सगळीकडे आंबुशीसारखी कसली पानं होती, तो एवढा मोठा फर्न कुठला, आणि हातावर हे लाल लाल काय उठलंय. तीच तीच उत्तरं देऊन कंटाळले म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून ठेवतेय. मी बॉटनीवाली नाही, नुसती हौशी, पण बारा वर्षं त्याच त्या ट्रेल्सवर, म्हणजे जंगलातल्या पायवाटांवर, गुडघे टेकून बसलेय एवढं नक्की.

रेडवूड म्हणजे तेच ना, ते खूप जाड झाड, ज्याच्या बुंध्यातून गाडी जाते? सेक्वोया?

दोन वेगळी झाडं आहेत आणि सगळे गोंधळतात. कॅलिफोर्नियाच्या पूर्वेला सिएरा नेवाडाच्या डोंगरात आहे तो जायंट सेक्वोया, तो जाड. आपण इथे बोलतोय तो कोस्ट रेडवूड, समुद्राच्या कडेकडेने ओरेगनच्या खालच्या टोकापासून ते बिग सरपर्यंत एक लांबलचक पण अरुंद पट्टा आहे, तिथला. हा उंच. जगातलं सगळ्यात उंच झाड, हायपेरिअन, ११५ मीटरच्या वर, ते हेच. सिएरात हिवाळ्यात धो धो बर्फ आणि उन्हाळ्यात कोरडं ठाक, त्यामुळे तिथे झाडाखाली दिसतं ते सगळं वेगळं. खाली लिहिलेलं तिथे जाऊन शोधू नका आणि मग मला फोन करू नका.

एवढ्या अंधारात खाली काही उगवतं तरी कसं?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न त्यामुळे उत्तर लांबणार.

भर दुपारी बारा वाजता जुन्या रेडवूडच्या तळाशी उभं राहिलात तरी मोबाईल फ्लॅश मागतो, इतका कमी उजेड. आणि तिथेच जमिनीवर हिरवी सतरंजी अंथरल्यासारखी एक वनस्पती पसरलेली असते, तिला रेडवूड सॉरेल म्हणतात, ऑक्झालिस ओरेगाना. तीन पानं, प्रत्येक बदामाच्या आकाराचं, मधोमध घडी. आपल्याकडे कुंडीत न विचारता उगवते ती आंबुशी, तिचीच ही सख्खी बहीण, म्हणजे वंश एकच, फक्त ही अंगापिंडाने दणकट, एकेक पान रुपयाच्या नाण्यापेक्षा कितीतरी मोठं, आणि काही पानांची खालची बाजू जांभळी.

आता हिची गंमत. उघड्यावरच्या उन्हाच्या दोनशेव्या हिश्शाएवढ्या उजेडावरही हिचं पोट भरतं. मग तुम्ही म्हणाल जास्त ऊन मिळालं तर चैनच की, तर नाही, उलट. कमी उजेडाची सवय झालेल्या पानाला एकदम कडक ऊन लागलं की त्याची अन्न बनवायची यंत्रणाच बिघडते. म्हणून ऊन पडलं की ही आपली पानं मिटून घेते. लाजाळू हात लावल्यावर मिटते, ही ऊन लागल्यावर मिटते. पानाच्या बुडाशी बारीकसा सांधा असतो, त्यातलं पाणी एका बाजूचं दुसऱ्या बाजूला गेलं की पान खाली झुकतं, छत्री मिटावी तसं.

हे प्रत्यक्ष बघता येतं, फक्त पोरांना गप्प बसवायला हवं. सकाळी दहा-अकराच्या सुमाराला वरून उन्हाचा एखादा कवडसा जमिनीवर पडलेला शोधायचा, त्याच्या सरकत्या कडेपाशी बसायचं आणि घड्याळ बघायचं. पाच-सहा मिनिटं लागतात. कवडशातली पानं एकेक करून खाली झुकतात आणि शेजारची, सावलीतली, तशीच सपाट. कवडसा पुढे सरकला की मागची पानं हळूहळू परत उघडतात पण त्याला जास्त वेळ लागतो. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती, ती म्हणाली, "आई, ती डोळे मिटतायत." एवढं बरोबर मला अजून सांगता आलेलं नाही.

कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात पाऊसच नसतो, मग ही खालची झाडं पितात काय?

धुकं पितात.

आपल्या डोक्यात जून म्हणजे पाऊस असं घट्ट बसलंय, इथे उलटं. पाऊस साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, आणि जून ते सप्टेंबर आभाळातून थेंब नाही. पण समुद्र थंडगार आणि आतल्या भागात भट्टी, त्यामुळे संध्याकाळी धुकं किनाऱ्यावर चढतं आणि रात्रभर रेडवूडच्या शेंड्यांत अडकून बसतं. त्या बारीक सुईसारख्या पानांवर त्याचे थेंब होतात आणि खाली गळतात. जुलैच्या सकाळी सातला गेलात तर पार्किंग लॉट कोरडा, रस्ता कोरडा आणि झाडाखाली मात्र पागोळ्या गळाव्यात तसं टपटप टपटप चालू असतं. म्हणजे झाडानेच स्वतःसाठी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी ठिबक सिंचन लावलंय असं समजा.

ह्यावर बर्कली विद्यापीठाच्या टॉड डॉसन ह्यांचा एक गाजलेला अभ्यास आहे, १९९८ चा. उत्तर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर त्यांनी तीन वर्षं मोजमाप केलं. वर्षभरात तिथल्या जमिनीला मिळणाऱ्या पाण्यातलं सरासरी ३४ टक्के धुक्याच्या ठिबकण्याचं निघालं, आणि जिथे झाडं नव्हती तिथे ते निम्म्यावर आलं, १७ टक्के. पण मला थक्क केलं ते पुढच्या आकड्याने. उन्हाळ्यात रेडवूडच्या अंगातलं साधारण १९ टक्के पाणी धुक्याचं आणि खालच्या झाडाझुडपांच्या अंगातलं ६६ टक्के! म्हणजे धुकं अडवतो रेडवूड आणि त्यावर खरे जगतात ते खालचे. वरचं झाड तोडलं की खालच्यांना नुसतं ऊनच लागत नाही, त्यांचा नळच बंद होतो.

शिवाय बरीच झाडं पानांनीसुद्धा पाणी ओढतात, मुळांची वाट न बघता. ह्यात पहिला नंबर सोर्ड फर्नचा.

तो सगळीकडे दिसणारा मोठा फर्न तोच का?

तोच. सोर्ड फर्न, म्हणजे तलवार फर्न. एका बुडखातून कारंज्यासारखी पानं बाहेर पडतात, चांगली चार-पाच फूट लांब, ओल्या जागी त्याहून मोठी, आणि बारा महिने हिरवी. ओळखायची खूण एकदम सोपी आहे, पानाच्या मधल्या दांडीला जिथे एकेक पाती चिकटते तिथे पातीच्या बुडाशी वरच्या बाजूला एक छोटा कान असतो, तलवारीच्या मुठीसारखा. तो कान असला की सोर्ड फर्न, नसला की दुसरा कोणीतरी. पान उलटं करून बघितलं तर खाली तपकिरी ठिपक्यांच्या दोन ओळी दिसतात, ते बीजाणूंचे पुंजके. आमच्या बाबांना वाटलं कीड लागलीये.

हा फर्न नुसता शोभेचा नाही. सेव्ह द रेडवूड्स लीग नावाची १९१८ पासूनची संस्था आहे, ती फर्न वॉच नावाने ह्याची पानं मोजते, कारण दुष्काळाच्या वर्षी नवी पानं आखूड निघतात. दोनशे फुटी झाडाला पाणी कमी पडलं की नाही हे तुम्हाला टेप घेऊन मोजता येत नाही, फर्न मात्र कमरेएवढा आहे, त्याच्याकडे बघून कळतं.

बाकीचे फर्न झरझर सांगते. लेडी फर्न नाजूक आणि हिवाळ्यात मरून परत येणारा, डिअर फर्न दोन प्रकारची पानं काढणारा, एक झोपलेलं एक उभं, चेन फर्न ओढ्याकाठी, माणसाच्या उंचीचा. आणि फाइव्ह फिंगर फर्न, आपल्या हंसराजाच्या जातीचा, काळीभोर चकचकीत काडी आणि पंजासारखी पसरलेली पानं. हा काळ्या काडीचा फर्न युरोक, कारुक, हूपा ह्या इथल्या मूळच्या आदिवासी लोकांच्या विणलेल्या टोपल्यांत दिसतो, टोपलीवरची काळी नक्षी रंगाची नसून ह्या काडीची असते. आणि लाल नक्षी असते ती चेन फर्नच्या धाग्यांची, आल्डर नावाच्या झाडाच्या सालीत रंगवलेल्या. एखाद्या म्युझियममध्ये ह्या टोपल्या दिसल्या तर काचेला नाक लावून बघा.

ती आंबुशी खाता येते का? आईने तोडून तोंडात टाकली पण.

सगळ्यांच्या आया टाकतात. आमच्या आईनेही टाकली, वर म्हणाली "मीठ हवं होतं." एखाद्या पानाने काही होत नाही, चव आंबट असते ती ऑक्झॅलिक ॲसिडची, जास्त खाल्लं तर त्रास, आणि मुतखड्याची तक्रार असेल तर नकोच. पण मुख्य म्हणजे पार्कात पानं-फुलं तोडायला बंदी असते. वर्षाला लाखो माणसं येतात तिथे, प्रत्येकाने एकेक पान तोडलं तर हिशोब तुम्हीच करा.

जंगली आलं म्हणून पाटी होती. चहात टाकलं तर चालेल?

नाही. नाही. आणि परत एकदा नाही.

वाइल्ड जिंजर म्हणतात त्याला, पानं मोठी, बदामाच्या आकाराची, मऊ, चुरगळली की खरोखरच आल्याचा वास येतो, म्हणून नाव पडलं. पण आपल्या आल्याशी ह्याचं दूरचंही नातं नाही. ह्यात ॲरिस्टोलोकिक ॲसिड असतं, ते किडन्या खराब करतं आणि कॅन्सरशीही त्याचा संबंध आहे. जुन्या काळी लोक वापरायचे हे खरं, पण म्हणून आपण आपल्या चहावर प्रयोग करायची गरज नाही, इंडियन ग्रोसरीत आलं मिळतं.

बघण्यासारखं मात्र आहे. मार्च ते मेमध्ये पानं हलक्या हाताने बाजूला केली तर अगदी जमिनीला टेकलेलं एक मातकट लाल फूल दिसतं, तीन पाकळ्या आणि प्रत्येकीला लांब शेपूट. पानाखाली तोंड लपवून बसलेलं असतं, माहीत नसेल तर कोणालाही दिसणार नाही.

हातावर पुरळ आलंय, पाणी सुटलंय, प्रचंड खाज आहे. जंगलात काय लागलं असेल?

बहुतेक पॉइझन ओक. डॉक्टरला दाखवा आणि मग बाकीचं वाचा.

आमच्या घरातलाच किस्सा सांगते. ऑक्टोबरमध्ये इथल्या, कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या बाजूला गेलो होतो, जंगलाच्या कडेला एका झुडपाची पानं अशी सुंदर लाल झाली होती की नवऱ्याने एक डहाळी तोडून आणली आणि गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवली, फॉल कलर्स म्हणून. दोन दिवसांनी दोन्ही हात कोपरापर्यंत सुजलेले, फोड आलेले. व्हिडिओ कॉलवर आईने बघितलं आणि लगेच म्हणाली, "अरे हा तर बिब्बा उतलाय!"

आणि गंमत म्हणजे आई शंभर टक्के बरोबर होती. पॉइझन ओक, बिब्बा, काजू आणि आंबा ही सगळी एकाच कुळातली मंडळी. बिब्ब्याच्या तेलात जसं असतं तशाच जातीचं तेल पॉइझन ओकच्या पानात, काडीत, मुळात सगळीकडे असतं, उरुशिओल म्हणतात त्याला. ज्यांना ह्याचा त्रास होऊन गेलाय त्यांना आंब्याच्या सालीनेही ओठांभोवती पुरळ येऊ शकतं, तेव्हा आंबा सालासकट चोखणाऱ्यांनी सांभाळून, सोलून खा.

ओळखायचं कसं: तीन पानांचा गुच्छ, मधल्याचा देठ लांब, कडा ओकच्या पानासारख्या गोलसर नागमोडी, बहुतेक वेळा चकचकीत, काटे नाहीत. काटे असतील तर ती ब्लॅकबेरी. कधी झुडूप असतं, कधी वेल होऊन रेडवूडच्या बुंध्यावर वीस-तीस फूट चढलेला असतो. हिवाळ्यात पानं झडतात पण नुसत्या काड्यांनाही तेच तेल असतं. दाट ओल्या उत्तरेकडच्या जंगलात कमी दिसतो, दक्षिणेकडे आणि जिथे थोडं ऊन येतं अशा ट्रेलच्या कडेला भरपूर. लागल्याची शंका आली तरी लगेच साबणाने आणि गार पाण्याने धुवा, जितक्या लवकर तितकं चांगलं, कपडे वेगळे धुवा, बूट पुसा, कुत्रा असेल तर त्यालाही आंघोळ, कारण तेल त्याच्या केसांना लागून सोफ्यावर येतं. फोडातल्या पाण्याने मात्र पसरत नाही, ती अफवा आहे. आणि ही काटकी चुकूनही शेकोटीत घालू नका, धूर छातीत गेला तर फार वाईट.

पहिल्यांदा लागलं तेव्हा काहीच झालं नाही म्हणून छाती फुगवणारे लोक असतात. पहिल्या वेळी बऱ्याचदा होत नाही, शरीर तेव्हा फक्त ओळख करून घेत असतं.

तमालपत्रासारखा वास येत होता. खरंच तमालपत्र आहे का?

कॅलिफोर्निया बे लॉरेल. तमालपत्र आणि दालचिनीच्याच कुळातलं झाड, रेडवूडच्या खाली दुसऱ्या मजल्यावर वाकडंतिकडं होऊन उजेड शोधत असतं. वास मात्र तमालपत्राच्या तिप्पट, बाटलीभर ओतल्यासारखा. पान चुरगळून जोरात हुंगलं तर डोकं धरतं, ह्याला डोकेदुखीचं झाडच म्हणतात. पुलावात कोणी घातलंच तर पाव पान, पूर्ण नाही, मला एकदा अख्खं पातेलं फेकावं लागलं.

ह्याच मजल्यावर टॅनओक असतो, ओकच्या नात्यातलं झाड, आणि त्याची अवस्था वाईट आहे. १९९० च्या दशकाच्या मधे मरीन काउंटीत टॅनओक पटापट मरायला लागले, सडन ओक डेथ नाव पडलं, २००० साली कारण सापडलं, फायटोफ्थोरा जातीचा रोगजंतू. बे लॉरेल त्याने मरत नाही, पण त्याच्या पानांवरून रोग पसरतो. तो चिखलातून बुटांबरोबरही जातो. म्हणून काही ट्रेल्सच्या तोंडाशी बूट घासायचा ब्रश ठेवलेला असतो. आपण देवळात चपला काढतो, इथे निदान घासून आत जा.

फुलं बघायची असतील तर कधी यायचं?

उन्हाळ्याच्या सुट्टीत तर नक्कीच नाही, आणि सगळे तेव्हाच येतात.

खरी सुरुवात जानेवारीच्या शेवटी-फेब्रुवारीत होते. सगळ्यात आधी येतो फेटिड ॲडर्स टंग, पानांवर ठिपके, फूल दोन इंचाचंही नाही, त्यावर तपकिरी-जांभळ्या रेघा, आणि वास घाण. तो वास आपल्यासाठी नाही, बुरशीवर येणाऱ्या चिलटांसाठी आहे, तीच त्याचं परागीभवन करतात, त्या थंडीत मधमाश्या कुठून येणार. नंतर देठ वाकून फळ जमिनीला टेकवतो.

मग ट्रिलियम. तीन पानं, तीन पाकळ्या, उमलताना पांढरं शुभ्र, म्हातारं होताना गुलाबी आणि मग जांभळट. एकाच जागी तिन्ही रंग दिसले की लोकांना वाटतं तीन जाती आहेत. ह्याच्या बीला एक तेलकट खाऊ चिकटलेला असतो, मुंग्या त्यासाठी बी घरी ओढून नेतात, खाऊ खातात आणि बी टाकून देतात, पेरणी झाली. बीपासून फूल यायला बरीच वर्षं लागतात, आणि एक फूल तोडताना तिन्ही पानं तुटली तर त्या झाडाचं जेवणच गेलं.

मार्च-एप्रिलमध्ये नशीब असेल तर कॅलिप्सो ऑर्किड, करंगळीएवढं गुलाबी. मध अजिबात नाही, भुंग्यांना शुद्ध फसवतं. मातीतल्या बुरशीवाचून जगत नाही त्यामुळे उपटून घरी नेलं की मेलंच. पिवळी रेडवूड व्हायोलेट ह्याच सुमारास पायाशी.

मे-जूनमध्ये ऱ्होडोडेंड्रॉन, ज्यांनी उत्तराखंडात बुरांश पाहिलाय त्यांना ओळख पटेल, इथला गुलाबी-जांभळा. सोनोमाच्या किनाऱ्यावर हायवे १ ला लागून खास ह्याच्यासाठी राखलेलं क्रूज ऱ्होडोडेंड्रॉन रिझर्व्ह आहे, आणि वर उत्तरेला रेडवूड नॅशनल पार्कातली लेडी बर्ड जॉन्सन ग्रोव्ह. सकाळी धुक्यात, उंच काळ्या बुंध्यांच्या मधे ती फुलं लोंबलेली असतात. फोटोत येत नाही, मी दर वर्षी काढते आणि दर वर्षी डिलीट करते.

करवंदांसारखी काळी फळं दिसली, खाऊ का?

करवंदं नाहीत, हकलबेरी असेल, ब्लूबेरीच्या कुळातली. काळी हकलबेरी बारमाही हिरव्या झुडपावर, ऑगस्टनंतर पिकते, छान गोड-आंबट. लाल हकलबेरी वेगळी, तिचं झुडूप बऱ्याचदा तुटलेल्या रेडवूडच्या बुंध्यावर उगवलेलं दिसतं, गच्चीवर पिंपळ उगवावा तसं, फक्त इथे सडकं लाकूडच तिची माती. अजून सॅमनबेरी, थिंबलबेरी, सलाल असतात. खाता सगळ्या येतात, पण ओळख शंभर टक्के पटल्याशिवाय एकही तोंडात नको आणि तोडायचे नियम प्रत्येक पार्कात वेगळे, बोर्ड वाचा.

हिमालयन ब्लॅकबेरीबद्दल एक उपकथा. नाव ऐकून आपल्याला वाटतं आपल्याकडची. मुळात आर्मेनियाच्या बाजूची, पण १८८५ च्या सुमारास सांता रोझाच्या ल्यूथर बरबँकने, झाडांच्या नव्या जाती तयार करणाऱ्या माळ्याने, भारतातून आलेल्या बियांपासून वाढवली आणि हिमालय नाव ठेवलं. आता ओढ्याकाठी सगळीकडे घुसून स्थानिक झाडांना दाबून टाकलंय. तीच कथा इंग्लिश आयव्हीची, आणि त्या गोड निळ्या फरगेट-मी-नॉटचीसुद्धा, जिचे सगळे कौतुकाने फोटो काढतात.

आम्ही गेलो तिथे खाली नुसता पाचोळा होता, हिरवं काहीच नाही. चुकीच्या ठिकाणी गेलो का?

दुसऱ्यांदा वाढलेल्या जंगलात गेलात. जुनं, कधीच न तोडलेलं रेडवूड आता मूळच्या सुमारे ५ टक्केच उरलंय. बाकीचं तोडल्यावर परत आलेलं. रेडवूड तोडला की बुंध्याभोवती गोल करून पोरं फुटतात, सगळी एका वयाची, एकमेकांना चिकटून, लोकल ट्रेनमधल्यासारखी. वरचं छप्पर एकसलग बंद होतं, कवडसासुद्धा पडत नाही. जुन्या जंगलात कसं, एखादं म्हातारं झाड पडतं, खिडकी उघडते, हकलबेरी-फर्न-सॉरेल सगळे तिथे धावतात. म्हणून आता रेडवूड पार्कांत दाटी झालेली तरुण झाडं मुद्दाम विरळ करतायत. झाडं तोडून जंगल वाचवणं हे ऐकायला विचित्र वाटतं, मलाही वाटलं होतं.

आग लागली की हे सगळं संपत असेल ना?

२०२० च्या ऑगस्टमध्ये विजांमुळे लागलेल्या आगीत बिग बेसिन पार्क, कॅलिफोर्नियातलं सगळ्यात जुनं स्टेट पार्क, १९०२ चं, जवळजवळ सगळंच जळालं. २०२२ मध्ये थोडा भाग उघडल्यावर आम्ही गेलो. काळे खांब, आणि त्या काळ्या खांबांना खालपासून वरपर्यंत हिरवी लव फुटलेली, बाटली घासायच्या ब्रशसारखी. खाली सोर्ड फर्नचे जळके बुडखे होते आणि त्यांच्या मधोमध नवी पानं गुंडाळलेली, तान्ह्या बाळाच्या मुठीसारखी. सॉरेल जमिनीखालच्या खोडातून परत आलेली. आणि जिथे पूर्वी गडद सावली होती तिथे निळ्या फुलांचं सिॲनोथस वीतभर वाढलेलं, त्याचं बी वर्षानुवर्षं मातीत पडून राहतं आणि आगीची धग लागल्यावर रुजतं.

ट्रेलवरून दोन पावलं खाली उतरून फोटो काढला तर काय बिघडतं?

हायपेरिअनची गोष्ट सांगते. २००६ मध्ये ते सापडलं, जागा जाहीर केली नव्हती, पण इंटरनेटवर फुटली. ट्रेल नाही तरी लोक जायला लागले, दोन पावलं, दोन पावलं करत बुंध्याभोवतीचे फर्न नाहीसेच झाले. शेवटी २०२२ मध्ये पार्कने तो भागच बंद केला, आता गेलात तर ५,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत जेल. जगातल्या सगळ्यात उंच झाडाचा फोटो बुंध्याजवळ उभं राहून निघतच नाही हा भाग वेगळा, शेंडा दिसतच नाही.

कारण साधं आहे, रेडवूडची मुळं खोल जात नाहीत, वरच्या वर लांब पसरतात. माती पायाने दाबली गेली की पाणी मुरत नाही. मऊ पाचोळ्यात तुमचं पाऊल घोट्यापर्यंत रुततं ना, तिथेच सॉरेलची खोडं आडवी धावत असतात.

आमच्या बॅकयार्डात मोठा रेडवूड आहे, त्याच्याखाली काहीच जगत नाही. काय लावू?

पहिल्या वर्षी मी दुकानातून रंगीत इम्पेशन्स आणले, मुळं तोडून खड्डे केले, छान माती भरली, ठिबक लावलं. ऑगस्टपर्यंत सगळं खलास आणि त्या छान मातीत रेडवूडची केसासारखी मुळं गच्च भरलेली. पाणी मी फुलांना घालत होते, पीत दुसराच होता.

आता ऐका. लहान कुंडीतलं रोप घ्या, चार इंची किंवा एक गॅलन, म्हणजे खड्डा छोटा लागतो. जाड मुळं तोडू नका, दोन मुळांच्या मधली फट शोधा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावा, पुढचं काम पाऊस करतो. पडलेल्या सुया झाडून टाकू नका, तोच मल्च, म्हणजे मातीवरचं पांघरूण आहे, हे माझ्या सासूबाईंना अजून पटलेलं नाही, त्या रोज अंगण झाडतात. वरून मातीचा थर टाकून बुंधा झाकू नका. सोर्ड फर्न जवळजवळ मरत नाही, तिथून सुरुवात करा. मग डग्लस आयरिस, हकलबेरी, फ्लॉवरिंग करंट, थोडी ओल असेल तर सॉरेल आणि वाइल्ड जिंजर. सॉरेल एकदा रुळली की पसरते, आवर घालावा लागतो. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावंच लागतं, कारण शहरात तेवढं धुकं नाही. रोपं नेटिव्ह प्लांटच्या नर्सरीतूनच घ्या, जंगलातून खणून आणू नका.

ही झाडं पुण्याला किंवा महाबळेश्वरला नेऊन लावता येतील का?

नका. कस्टममध्ये अडकतील, नाहीच अडकली तर एप्रिल-मेमध्ये मरतील, आणि नाहीच मेली तर आयव्हीसारखी डोक्यावर बसतील. सह्याद्रीत सावलीत वाढणारी कारवी आहे, पावसाळ्यात दगडादगडावर नेचे आहेत, ते आधी बघून या.

आई-बाबांचे गुडघे दुखतात. जास्त न चालता हे सगळं कुठे दिसेल?

सॅन फ्रान्सिस्कोजवळ म्युअर वुड्समध्ये लाकडी बोर्डवॉक आहे, सपाट, व्हीलचेअर जाते, आणि कठड्याला टेकून सॉरेल अगदी जवळून दिसते. पार्किंगचं आधी बुकिंग लागतं आणि तिथे मोबाईलला रेंज नसते, त्यामुळे रिझर्वेशनचा स्क्रीनशॉट घरूनच काढून ठेवा, गेटवर उभं राहून ईमेल उघडत बसलेले लोक मी दर वेळी बघते. फेल्टनला हेन्री कोवेल पार्कातला रेडवूड लूपही सपाट आणि छोटा. नावांच्या पाट्यांसकट सगळं एका जागी हवं असेल तर बर्कलीत टिल्डन पार्कातली बोटॅनिक गार्डन, तिथे रेडवूडचा वेगळा कोपरा आहे. दम असेल तर फर्न कॅनियन, दोन्ही बाजूंना चाळीस-पन्नास फूट उभ्या भिंती आणि वरून खालपर्यंत नुसते फर्न, डायनोसॉरच्या सिनेमाचं शूटिंग उगाच नाही झालेलं. पण ते दूर उत्तरेला आहे, पाण्यातून चालावं लागू शकतं आणि उन्हाळ्यात परमिट लागतं.

बरोबर काय न्यायचं?

जुलै असला तरी स्वेटर, आईला शाल. बसायला प्लॅस्टिकचा तुकडा, कारण जमीन ओली असते. आणि एक छोटं भिंग, दहा डॉलरला मिळतं, फर्नच्या पानामागचे ठिपके त्यातून बघा, पान न तोडता, स्वतः वाकून.